उभ्या कपाशीचा पंचनामा

नालवाडीच्या पुढे गेलं की दोन्ही हातांना प्लॉटच्या पांढऱ्या खुंट्या लागतात, आणि त्या खुंट्यांच्या मधोमध दीड एकर हिरवीगार भाजी दिसते. ते यशोदाबाई बेलखोड्यांचं वावर. तीन बाजूंनी लेआउट पडले, चौथ्या बाजूनं रस्ता गेला, पण यशोदाबाईंच्या मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ओळी सरकल्या नाहीत. वावराच्या कोपऱ्यात चार खोल्यांचं घर आहे आणि घराच्या भिंतीवर पाटी आहे, 'ॲड. ज्योत्स्ना गजेंद्र बेलखोडे'. ती पाटी वाचून महिन्यातून दोनदा तरी कोणीतरी गाडी थांबवतं आणि विचारतं, "इथं प्लॉटचे कागद बनवून भेटते का जी?"

भेटत नाही. ज्योत्स्ना आरोपींची वकील आहे. ज्याला वकील लावायची ऐपत नाही त्याला सरकारकडून फुकट वकील देणारं एक कार्यालय कोर्टाच्या आवारात आहे, लोकअभिरक्षक कार्यालय. तिथं ती नोकरी करते. नोकरी करारावरची. खाजगी केस घ्यायची नाही ही अट. त्यामुळे तिचे पक्षकार म्हणजे मोबाइल चोरणारे, मोहाची दारू काढणाऱ्या बाया, भांडणात डोकं फोडून बसलेले भाऊ-भाऊ, आणि काहीच न करता सापडलेलेही काही. नातेवाइकांत तिचं नाव 'चोरांची वकील'. एकदा हळदीकुंकवाला तिच्या चुलत जावेनं सगळ्यांसमोर विचारलं, "काय वं ज्योत्स्ना, चोर दिसाले कसे असतेत?"

"आपल्यासारखेच," ज्योत्स्ना म्हणाली. "त्यांना फक्त जामीनदार मिळत नाही."

ज्योत्स्ना पुलगावची. वडील मिलमध्ये कामाला होते. बी.ए. झाल्या झाल्या लग्न झालं आणि ती भाजीवाल्यांच्या घरात आली. वकिलीचं शिक्षण झालं ते लग्नानंतर, आणि ते सासूमुळे. यशोदाबाई काही सुधारक वगैरे नव्हत्या. सुनेनं डोक्यावरचा पदर सोडला तेव्हा त्या आठ दिवस तिच्याशी बोलल्या नव्हत्या. पण तरुणपणी कधीतरी बांधाच्या भांडणात त्यांनी न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा दिला होता आणि विहिरीकडची चार हात रुंद पट्टी शेजाऱ्याकडे गेली होती. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं, घरात एक वाचणारी पाहिजे. गुंजन सहा महिन्यांची असताना ज्योत्स्नानं लॉ कॉलेजचा फॉर्म भरला. पुढची तीन वर्षं यशोदाबाई भाजीच्या टोपल्यांबरोबर नातीलाही बाजारात नेत होत्या. छत्रीखाली, पालकाच्या जुड्यांच्या शेजारी, पोत्यावर गुंजन वाढली. आता ती अकरावीत आहे आणि पालक खात नाही.

वकील झाल्यावर ज्योत्स्ना एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली राहिली. तिथं दुसऱ्याच महिन्यात तिनं एक म्हातारी पाहिली. दारूच्या केसमध्ये उभी होती. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? म्हातारी म्हणाली, हो. बाहेर आल्यावर ज्योत्स्नानं तिला गाठलं. "आजी, दारू तुमचीच होती?"

"माही कोठची? जावयाची होती."

"मग हो काऊन म्हटलं?"

"चारची बस होती नं बाई. त्याच्यानंतर गाडी नाई माह्या गावाले."

ती बस ज्योत्स्नाच्या डोक्यातून गेली नाही. पुढे लोकअभिरक्षकची जागा निघाली तेव्हा तिनं चालती प्रॅक्टिस बंद करून अर्ज केला. गजेंद्रला, तिच्या नवऱ्याला, ते फारसं पटलं नव्हतं. त्याचं सावंगीला झेरॉक्सचं दुकान, मेडिकलच्या मुलांच्या नोट्सवर चालणारं. तो चांगला माणूस. रागावला की बोलत नाही, नुसते झेरॉक्सचे कागद ठोकून ठोकून सरळ करतो. त्या आठवड्यात त्यानं बरेच कागद सरळ केले.

याला तीन वर्षं झाली. आणि या दिवाळीत मधुकरराव घरी आले.

मधुकररावांचं वर्ध्यात कापडाचं जुनं दुकान. आजोबांपासूनचं. आता दुकान मुलगा पाहतो आणि मधुकरराव लेआउट पाडतात. पांढरा सदरा, पायात साधी चप्पल, आणि कोणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बाईमाणसाची चौकशी करायची ही जुनी रीत. त्यांनी फराळाचा डबा यशोदाबाईंच्या हातात दिला, बेडवर टेकले आणि सरळ म्हणाले, "वकीलबाई, मी तुमची चोरी करायले आलो."

"मग मला तुमचीच केस घ्यावी लागेल," ज्योत्स्ना म्हणाली.

ते मनापासून हसले. मग काम सांगितलं. जमिनींचे सर्च रिपोर्ट, खरेदीखतं, करार, सगळं कायमचं तिच्याकडे. नागपूर रोडवर ऑफिस, एसीचं. हाताखाली दोन ज्युनिअर. पगाराचा आकडा त्यांनी तोंडानं सांगितला नाही, चिठ्ठीवर लिहून सरकवला. तो तिच्या आताच्या पगाराच्या चौपट होता.

"मीच का?" तिनं विचारलं.

"तुम्ही कागद वाचता. बाकीचे सही कुठं करू इतकंच पाह्यतेत. मले गडबडीची जमीन नाई पायजे. लोकं आयुष्यभराची कमाई प्लॉटमधी टाकतेत. खोटं काई करा लागनार नाई तुमाले, माहा शब्द आहे." आणि ते खरं बोलत होते. लबाड माणूस असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

तिचा करार नोव्हेंबरअखेर संपत होता. मुदतवाढीचा अर्ज द्यायचा नाही, बस एवढंच करायचं होतं. रात्रभर विचार वगैरे तिनं केला नाही. सकाळी साडेपाचला नेहमीप्रमाणे दाराचा आवाज झाला. अडुसष्ट वर्षांच्या यशोदाबाई डोक्याला स्कार्फ गुंडाळून टोपल्या ऑटोत चढवत होत्या, एक हात कमरेवर ठेवून. ज्योत्स्ना खिडकीतून बघत राहिली आणि तिनं ठरवलं. हे थांबवायचं. ज्या बाईनं आपल्यासाठी इतकं केलं तिला या वयात थंडीत बाजारात बसू द्यायचं नाही. गजेंद्रला सांगितलं तर तो इतका खूश झाला की त्यानं स्वतः चहा केला. गुंजन म्हणाली, "म्हणजे आता मला कॉलेजात सांगता येईल, आई काय करते ते."

ते जरा लागलं. पण ज्योत्स्ना हसली.

पुढच्या दोन आठवड्यांत तिनं हातातल्या फायली आवरायला घेतल्या. प्रत्येक फाइलवर एक टिपण, नवीन वकिलाला कळेल असं. कारागृहात जाऊन पक्षकारांनाही सांगायला हवं होतं. त्यात अंकुश होता, पुलगावचा, सत्तावीस वर्षांचा, मालवाहू ऑटो चालवणारा. एका शेतातून पाण्याची मोटर चोरीला गेली, त्या रस्त्यावर त्याचा ऑटो दिसला, आणि मग त्यानंच ती मोटर लपवलेली जागा दाखवली असा पोलिसांचा पंचनामा. सहा महिने आत होता. जामीन मिळून चार महिने झालेले, पण जामीनदार कोणी उभा राहिना.

जाळीपलीकडून त्यानं सगळं ऐकून घेतलं. नवीन वकील चांगले आहेत, काळजी करू नको, असं ती सांगत होती.

"मॅडम," तो म्हणाला, "मंग त्या सायबाले मले पुन्हा पयल्यापासून सांगा लागन का? घरचं बी?"

घरचं म्हणजे त्याची बायको त्याला सोडून माहेरी गेलेली, ते. हे त्यानं तिसऱ्या भेटीत, खाली बघत सांगितलं होतं.

"मी लिहून ठेवीन," ज्योत्स्ना म्हणाली. "तुला सांगावं लागणार नाही."

"हो," तो म्हणाला. "लिहून ठेवजा."

घरी येताना ती गाडी नीट चालवत नव्हती. एका सायकलवाल्यानं शिवी दिली.

त्या रविवारी दुपारी ती अंगणात फायली घेऊन बसली. समोर यशोदाबाई दुसऱ्या दिवशीसाठी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. ज्योत्स्नाला मोठ्यानं वाचायची सवय; कानावर पडलं की चूक कळते असं तिचं मत. अंकुशचा पंचनामा तिनं आजवर सात-आठदा वाचला होता. सह्या, वेळा, शिक्के, सगळं तपासलं होतं. आता टिपण करायचं म्हणून परत वाचत होती. "...आरोपीने स्वखुशीने पुढे चालत जाऊन सदर शेतातील उभ्या कपाशीच्या पिकात लपवून ठेवलेली मोटर पंचांसमक्ष काढून दिली..."

"कवाची गोष्ट व्हय ही?" यशोदाबाईंनी विचारलं.

"अकरा मे."

यशोदाबाईंचे हात थांबले नाहीत. "मग मोटर कायच्यात लपवली?"

"कपाशीत. उभ्या कपाशीत."

"मे मह्यन्यात?"

ज्योत्स्नानं कागदावरची तारीख परत पाहिली.

"अवं पोरी," यशोदाबाई म्हणाल्या, "मे मह्यन्यात वावरात ढेकलं असतेत. पऱ्हाटी उपटून, चुलीत जाळून, वावर वखरून मोकळं. तुह्या चोरानं मोटर ढेकलाखाली लपवली का?"

ज्योत्स्नानं मान वर केली. रस्त्यापलीकडच्या वावरात कमरेएवढी कपाशी उभी होती, बोंडं फुटून पांढरीशुभ्र. नोव्हेंबर होता. ऑक्टोबरपासून ती हा कागद वाचत होती आणि येताजाता दोन्ही बाजूंना कपाशीच दिसत होती. म्हणून डोळ्यांना खटकलंच नव्हतं. तिला नाही आणि कोणालाच नाही. कुठल्यातरी जुन्या केसचा पंचनामा समोर ठेवून लिहिणाऱ्यानं तारीख बदलली होती, मोटर बदलली होती, पीक बदलायचं राहून गेलं होतं.

"आई," ती म्हणाली, "मी तीन वर्षं या घरात कॉलेज शिकले."

"अन् मी पन्नास वर्षं वावरात," यशोदाबाई म्हणाल्या. "दोरा दे तिकडला."

पंचाची साक्ष पुढच्या मंगळवारी होती. तिच्या शेवटच्या आठवड्यात. त्याचा उलटतपास आपणच घ्यायचा आणि मग जायचं, असं तिनं ठरवलं. तसं सासूला सांगितलं, आणि सांगता सांगता तेही सांगून टाकलं जे तिनं इतके दिवस मनात ठेवलं होतं. की मधुकररावांकडे जातेय ती तुमच्यासाठी. एक डिसेंबरपासून बाजार बंद. आता आराम.

यशोदाबाईंनी जुडी टोपलीत ठेवली. "मी म्हटलं होतं तुले?"

"म्हणायला कशाला हवं? मला दिसत नाही का? कमरेवर हात ठेवून..."

"कमरेवर हात तं मी लग्नाच्या आधीपासून ठेवतो. बाजारात मी काऊन जातो, मालूम हाय तुले? घरी बसली तं दिवसभर टीव्ही अन् गजेंद्राचं तोंड पाहा लागन. तिथं माह्या बाजूले सपना बसते, तिच्या सुनेचं रोजचं ऐकतो. गिऱ्हाईक भांडते, मी भांडतो. जीव लागते तिथं माहा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुले जायचं हाय तं जा. एसीत बस. कंटाळली असशीन तं तसं सांग, त्याच्यात लाज कायची? पण माह्या नावावर बिल फाडू नोको."

ज्योत्स्नाला राग आला. इतका की ती फायली उचलून आत गेली. पलंगावर बसल्यावर राग ओसरला आणि खाली जे होतं ते दिसलं. ती कंटाळली होती. कोर्टात आरोपीच्या बाजूला उभं राहून तीन वर्षं ऐकलेले टोमणे, गुंजनची मान खाली घालून 'आई सरकारी नोकरीत आहे' म्हणायची पद्धत, केस हरल्यावर बायकांचं रडणं. तिला थंड खोली हवी होती, आणि 'मॅडम' म्हणून उठून उभे राहणारे ज्युनिअर. यात वाईट काहीच नव्हतं. फक्त ते तिचं स्वतःचं होतं आणि ते तिनं सासूच्या कमरेवर टाकलं होतं.

मंगळवारी सकाळी यशोदाबाई बाजारातून लवकर आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसल्या. "मी येतो कोर्टात," म्हणाल्या. "कपाशीचं मी सांगतलं. पाह्यतो काय होते."

सून वकील झाल्यापासून त्या पहिल्यांदा कोर्टात येत होत्या.

पंच होते रूपराव, पन्नाशीचे शेतकरी, स्वच्छ टोपी घातलेले. सरकारी वकिलांच्या सरतपासात त्यांनी सगळं पंचनाम्याप्रमाणे सांगितलं. मग ज्योत्स्ना उठली.

"रूपरावजी, पंचनामा तुमच्यासमोर लिहिला?"

"हो जी."

"जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं?"

"हो जी, तेच."

"कपाशी किती उंच होती?"

"असन कमरेएवढी."

"बोंडं?"

"फुटेल होती जी. पांढरं दिसत होतं सगळं."

"तुमची स्वतःची शेती आहे?"

"आहे नं. चार एकर." इथं रूपरावांची मान जरा ताठ झाली.

"यंदा कपाशी कधी लावली?"

"जूनात. पाणी आल्यावर."

"आणि अकरा मेला तुमच्या वावरात काय होतं?"

रूपरावांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कोर्टातला शिपाई आधी हसला. मग लिपिक. सरकारी वकिलांनी कागदात डोकं घातलं, मग उठून म्हणाले, "बागायती असू शकते, सर. ओलिताची."

मागच्या बाकावरून आवाज आला, "ओलिताची बी तवा पेरेल नसते!"

"शांत बसा, आजी!" शिपाई ओरडला.

न्यायाधीश तरुण होते, रत्नागिरीकडचे. त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, मला खरंच माहीत नाही. मे महिन्यात इथे कपाशी नसते?"

"ते साक्षीदारांनाच विचारावं, सर," ज्योत्स्ना म्हणाली. "ते शेतकरी आहेत."

सगळे रूपरावांकडे बघायला लागले. ते बराच वेळ टोपीशी चाळा करत राहिले. खोटं बोलायला त्यांना फारसं काही वाटत नव्हतं बहुतेक, पण मे महिन्यात कपाशी उभी होती असं चार माणसांत म्हणायचं, तेही शेतकऱ्यानं, हे त्यांना जमेना. "नसते जी," ते शेवटी म्हणाले. "मी वावरात गेलतोच नाई. चहाच्या ठेल्यावर सही केली. ते म्हणे घाई हाय."

ज्योत्स्ना बाहेर आली. यशोदाबाई पायरीवर बसून पाण्याची बाटली उघडत होत्या.

"कसं वाटलं?" तिनं विचारलं.

"चांगलं बोलते तू तिथं. मोठ्यानं. घरी काऊन पुटपुटते मग?" त्यांनी एक घोट घेतला. "अन् तो पोरगा, पिंजऱ्याजवळ उभा होता तो. तुह्याकडंच पाहून राह्यला होता. मी वाटाण्याच्या भावाकडं पाह्यतो तसा." मग त्यांनी बाटली सुनेकडे दिली. "पी. तोंड सुकलं तुहं."

ज्योत्स्ना पाणी प्यायली. तिला म्हणायचं होतं की आई, पोत्यावर गुंजनला बसवून तुम्ही मला इथं पोचवलंत. पण आपल्याकडे असं कोणी म्हणत नाही. ती पायरीवर त्यांच्या शेजारी बसली आणि दोघी बराच वेळ येणाऱ्या-जाणाऱ्या काळ्या कोटांकडे बघत राहिल्या. बसल्या बसल्या तिनं पिशवीतून कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून मुदतवाढीचा अर्ज लिहिला. कोणी सांगितलं नव्हतं. कोणासाठी लिहिलाही नाही. कंटाळा गेला होता असंही नाही. पण सगळ्यांनी वाचलेल्या कागदात राहून गेलेली गोष्ट शोधायची, आणि ती शोधल्यानं एक माणूस घरी जायचा, हे तिला आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच कामात मिळालं नव्हतं, आणि ते सोडवेना.

मधुकररावांना सांगायला ती स्वतः दुकानात गेली. त्यांनी गादीवर बसवून कोल्ड्रिंक मागवलं. ऐकून घेतलं. तोंड उतरलं त्यांचं, पण उतरलेल्या तोंडानंही ते म्हणाले, "ठीक आहे, बाई. आमचं नशीब. पण उद्या आमच्यातलं कोणी आत गेलं, तं तुमी याल नं?"

"मला फक्त ज्याची ऐपत नाही त्याचीच केस घेता येते, काका. तुमच्यावर ती वेळ न येवो."

मधुकरराव इतके हसले की कापड मोजणारा माणूस मीटर विसरला. जाताना त्यांनी एका चांगल्या वकिलाचं नाव मागितलं. तिनं दिलं. तो वकीलही कागद वाचणारा होता.

घरी गजेंद्रनं ऐकलं आणि तो दुकानात निघून गेला. दोन दिवस कागद सरळ झाले असावेत. तिसऱ्या दिवशी त्यानं जेवताना विचारलं, "त्या टोपीवाल्यानं खरंच तोंड उघडं ठेवलं?" तिनं सगळं परत सांगितलं. गुंजन भाजी चिवडता चिवडता ऐकत होती. "मग तो अंकुश सुटेल?" तिनं विचारलं. तिच्या तोंडी ते नाव पहिल्यांदाच आलं.

अंकुश जानेवारीत सुटला. निर्दोष. निकाल सकाळी लागला आणि ज्योत्स्ना तशीच काळ्या कोटात बाजारात गेली. यशोदाबाई वालाच्या शेंगा निवडत होत्या, शेजारी सपना कांद्याची पात लावत होती, समोर दोन-तीन गिऱ्हाइकं.

"आई, सुटला तो."

यशोदाबाईंनी वर पाहिलं. शेंगा खाली ठेवल्या. "सुटला?" मग त्या सपनाकडे वळल्या. "आयकलं? सुटला माह्यावाला पोरगा."

"कोन पोरगा वं?" सपना म्हणाली.

"अवं, तो पुलगावचा. म्या नाई का सोडवला! हे, ही माही सून, वकील हाय, पण हिले बी समजलं नव्हतं. कागद वाचून राह्यली होती, मी म्हटलं थांब. मे मह्यना म्हणते अन् वर कपाशी म्हणते..."

गिऱ्हाइकं थांबली. एकानं मेथीची जुडी हातात तशीच धरून ठेवली. यशोदाबाईंनी पदर खोचला आणि रूपरावांची टोपी, न्यायाधीशांचा चष्मा, शिपायाचं ओरडणं, सगळं हातवाऱ्यांसकट सुरू केलं. त्यांच्या गोष्टीत शिपाई त्यांना 'बोला, आजी' म्हणाला होता.

ज्योत्स्नाला साडेबाराला दुसरी तारीख होती. घड्याळात बारा वाजून पाच झाले होते. गोष्ट अजून कोर्टाच्या दारापर्यंतच आली होती. ती सासूच्या शेजारी पोत्यावर बसली, कोट आवरून घेतला आणि ऐकत राहिली.